एकापेक्षा जास्त मॉनिटरसाठी टेबलाला बसणारा स्टँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे प्रश्न बहुतेक फोटोसकट येतात. "यावर कोणता स्टँड घेऊ?" फोटोत दोन मॉनिटर असतात, कीबोर्ड असतो, चहाचा कप असतो. टेबलाची मागची कड मात्र एकाही फोटोत दिसत नाही, आणि खरं उत्तर तिथेच असतं. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये मॉनिटरइतकंच टेबलाबद्दलही आहे. एकाच गोष्टीचा संबंध दोन ठिकाणी आला, तर तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॉनिटर आर्म, डेस्क माउंट, मॉनिटर स्टँड ही एकाच वस्तूची नावं आहेत का?

विकणारे तशीच वापरतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, चित्र पाहा. ढोबळ तीन प्रकार असतात. पहिला, टेबलाला घट्ट धरलेला उभा खांब आणि त्याला अडकवलेले आडवे हात. यात उंची बदलायची तर खांबावरची कॉलर (हात अडकवलेली कडी) सैल करून वर-खाली सरकवावी लागते. दुसरा, स्प्रिंगचा हात. हा बोटाने ढकलला की वर-खाली होतो आणि सोडाल तिथे थांबतो. तिसरा, टेबलावर नुसता ठेवायचा जड पायाचा स्टँड. त्याला काही कसायचं नसतं, पण दोन मॉनिटरचा पाया बऱ्यापैकी जागा खातो आणि मग स्टँड घेण्याचा अर्धा हेतूच बारगळतो. या पानावर मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांबद्दल आहे. त्या दोघांतून निवड कशी करायची ते प्रश्न ८ मध्ये.

२. मॉनिटरसोबत स्टँड आलेलाच आहे. मग वेगळा कशाला घ्यायचा?

कदाचित नकोच. दोन्ही मॉनिटर एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे असतील, त्यांच्या स्टँडवर उंची बदलता येत असेल आणि टेबल खोल असेल, तर आहे तेच राहू द्या. वेगळा स्टँड खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो तीन वेळा: मूळ स्टँडला उंची बदलण्याची सोय नसते तेव्हा, वेगवेगळ्या उंचीचे दोन मॉनिटर एका रेषेत आणायचे असतात तेव्हा, आणि टेबल इतकं उथळ असतं की मूळ स्टँडचा पाय मॉनिटरला तुमच्या नाकाशी आणून ठेवतो तेव्हा. "टेबल मोकळं दिसतं" हे कारणही चालेल, फक्त ते चौथं आहे.

३. माझे मॉनिटर या स्टँडवर बसतील हे कसं ओळखायचं?

मॉनिटरच्या पाठीवर मधोमध चौकोनात चार स्क्रूंची भोकं आहेत का ते पाहा. त्यांच्या मध्यांमधलं अंतर ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटर असेल, तर बाजारातला जवळजवळ प्रत्येक स्टँड त्यावर बसतो. हे व्हेसाचं माप. व्हेसा ही डिस्प्ले बनवणाऱ्यांसाठी मानकं ठरवणारी संघटना आहे, आणि याच मापामुळे एका कंपनीचा मॉनिटर दुसऱ्या कंपनीच्या हातावर बसतो. या दोन्ही मापांना एम४ स्क्रू लागतात, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचे.

काही मॉनिटरमध्ये ही भोकं मूळ स्टँडच्या खाली दडलेली असतात. मूळ स्टँड काढल्याशिवाय दिसत नाहीत, आणि लोक "माझ्या मॉनिटरला भोकंच नाहीत" असं समजून बसतात. आधी स्टँडच्या मानेखालचं बटण दाबून तो निघतो का पाहा. तरीही भोकं सापडली नाहीत, तर प्रश्न १९.

४. खोक्यावर "२७ इंचांपर्यंत" लिहिलंय आणि माझे दोन्ही मॉनिटर २७ इंची आहेत. म्हणजे झालं ना?

नाही. इंच म्हणजे फक्त जागेचा हिशेब: मॉनिटर एकमेकांवर आपटणार नाहीत एवढंच तो सांगतो. हाताला कळतं ते वजन. एक २७ इंची मॉनिटर स्टँडशिवाय चार किलोचा असतो, दुसरा साडेसहाचा. म्हणून प्रत्येक हातामागे दिलेली वजनाची मर्यादा वाचा, आणि ती दोन टोकांनी वाचा. स्प्रिंगच्या हाताला कमाल वजन असतं तसं किमान वजनही असतं. "२ ते ९ किलो" असं लिहिलेल्या हातावर दीड किलोचा पातळ पोर्टेबल मॉनिटर लावलात, तर तो खाली बसणारच नाही, फुग्यासारखा वर जाऊन थांबेल.

मॉनिटरचं वजन त्याच्या माहितीपत्रकात दोनदा दिलेलं असतं: स्टँडसह आणि स्टँडशिवाय. आपल्याला दुसरं हवं. माहितीपत्रक हरवलं असेल तर वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग मॉनिटर छातीशी धरून उभे राहा आणि वजाबाकी करा. जे येईल त्यापेक्षा निदान दीड-दोन किलो जास्त पेलणारा हात घ्या. मर्यादेच्या काठावर चालवलेला स्प्रिंगचा हात सुरुवातीला ठीक वाटतो आणि मग रोज एक-दोन मिलिमीटर खाली येऊ लागतो.

५. माझं टेबल हे वजन पेलेल का?

हा प्रश्न सगळ्यात कमी जण विचारतात आणि सगळ्यात जास्त जणांनी विचारायला हवा.

"दोन मॉनिटर मिळून बारा किलो, टेबलावर मी स्वतः बसलो तरी काही होत नाही," असं मला अनेकांनी लिहिलंय. पण वजन टेबलावर पसरत नाही, ते मागच्या कडेला चिमटीत धरलेल्या तळहाताएवढ्या जागेवर येतं, आणि तेही तरफेने वाढून. हिशेब करून पाहा. बारा किलो खांबापासून ५० सेंटिमीटर पुढे लटकलेले आहेत आणि क्लॅम्पची (खांबाला टेबलाच्या कडेवर चिमट्यासारखं धरून ठेवणारा भाग) टेबलावर टेकणारी पट्टी १० सेंटिमीटर खोल आहे, असं धरा. त्या पट्टीच्या पुढच्या कडेवर पाचपट, म्हणजे साठ किलोच्या आसपास दाब येतो, आणि खालची चकती तेवढ्याच जोराने टेबल खालून वर दाबते. मॉनिटर मागे घेतले की दाब उतरतो, पुढे ओढले की चढतो.

आता साहित्याकडे वळू. सलग लाकूड, चांगला प्लाय किंवा बांबूची पाटी दोन-अडीच सेंटिमीटर जाड असेल, तर निर्धास्त राहा. लाकडाचा चुरा दाबून केलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ चालतात, पण वर आणि खाली दोन्हीकडे लोखंडी पट्टी घाला. अशा पट्ट्या "रीएन्फोर्समेंट प्लेट" या नावाने जोडीत मिळतात आणि दाब मोठ्या भागावर पसरवतात. माझ्या पहिल्या टेबलाला मी त्या घातल्या नव्हत्या. वरून सगळं झकास दिसत होतं. आठ महिन्यांनी टेबल हलवताना क्लॅम्प काढला, तर खाली चकतीच्या आकाराची वाटी पडलेली होती आणि भुसा हातात आला.

आतून पोकळ, कागदी जाळीवर पातळ फळ्या चिकटवलेलं टेबल असेल, तर क्लॅम्प लावूच नका. बोटाने जागोजागी ठोकून पाहा: कडेला भरीव आवाज आणि मध्ये ढबढब आवाज आला की ते पोकळ आहे. काहींना कडेला भरीव पट्टी असते, पण ती क्लॅम्पच्या खोलीपेक्षा अरुंद निघते. काचेच्या टेबलाला तर नाहीच नाही, मग काच कितीही जाड असो. त्या दोघांसाठी भिंतीचा आधार किंवा टेबलावर ठेवायचा जड पायाचा स्टँड, एवढेच मार्ग उरतात.

६. क्लॅम्प की ग्रोमेट?

क्लॅम्प कडेला चिमट्यासारखा बसतो आणि टेबलाला भोक पाडावं लागत नाही. ग्रोमेटमध्ये टेबलातून आरपार बोल्ट जातो. बहुतेक स्टँडच्या खोक्यात दोन्हींचे सुटे भाग असतात, त्यामुळे घेताना काळजी नको. कड मोकळी असेल तर क्लॅम्प लावा.

कड मोकळी म्हणजे काय, हे मात्र वाकून पाहा. टेबलाखाली मागच्या बाजूला बरेचदा लोखंडी आडवी दांडी किंवा लाकडी फळी असते. कडेपासून तिच्यापर्यंत ७–८ सेंटिमीटर सपाट जागा नसेल, तर क्लॅम्पचा खालचा जबडा आत जातच नाही. कडेला गोलाई किंवा उतार असेल तर जबडा घसरतो. टेबलाची जाडीही मोजा आणि स्टँडच्या मर्यादेशी ताडून पाहा. जाड पाट्यांना लहान जबड्याचे क्लॅम्प पुरत नाहीत.

ग्रोमेटसाठी केबल घालायचं तयार भोक वापरता येतं, पण ते ६० किंवा ८० मिलिमीटरचं असतं आणि काही स्टँडची खालची चकती त्याहून लहान निघते. मग ती आरपार निघून येते. भोकापेक्षा चकती चहूबाजूंनी निदान सेंटिमीटरभर मोठी हवी.

७. टेबल भिंतीला चिकटवून ठेवलंय. चालेल?

क्लॅम्पसाठी मागे बोटभर जागा सोडावीच लागते. खरी अडचण पुढची आहे: दोन सांध्यांचा हात दुमडला की त्याचं कोपर खांबाच्या मागे जातं. मागे भिंत असेल तर कोपर अडतं आणि मॉनिटर हवा तेवढा मागे जात नाही. ६० सेंटिमीटर खोलीच्या टेबलावर याने सगळा फायदा घालवला जातो. अशा वेळी हात बाजूला उघडेल अशा बेताने क्लॅम्प मध्यभागी न लावता थोडा डावी-उजवीकडे लावा, किंवा खांब आणि सरळ आडव्या पट्टीचा प्रकार घ्या. त्याला कोपरच नसतं.

८. गॅस स्प्रिंगचा हात घ्यावा की साधा खांब?

स्वतःला एक प्रश्न विचारा: दिवसातून किती वेळा मॉनिटर हलवणार? बहुतेकांचं प्रामाणिक उत्तर "पहिल्या आठवड्यात दहादा, नंतर कधीच नाही" असं असतं. त्यांना साधा खांब जास्त चांगला. तो कमी हलतो, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं, आणि आज जिथे ठेवला तिथेच पाच वर्षांनी असतो.

स्प्रिंगचा हात कुणासाठी? एकाच टेबलावर दोन माणसं पाळीपाळीने बसत असतील, कधी बसून कधी उभं राहून काम करत असाल, किंवा मॉनिटर वळवून समोरच्याला दाखवावा लागत असेल, तर तो घ्या. यातही दोन जाती आहेत. एकीत दाबाखालचा नायट्रोजन भरलेली नळी असते, दुसरीत पोलादी स्प्रिंग. नळीचा हात जास्त गुळगुळीत चालतो, पण कालांतराने वायू गळाला तर घरी काही करता येत नाही. नळी उघडण्याचा किंवा तिला भोक पाडण्याचा विचारही करू नका, आत दाब प्रचंड असतो.

९. दोन मॉनिटरसाठी एकच जुळा स्टँड घ्यावा की दोन सुटे?

दोन सुटे. माझं मत पक्कं आहे, तरी अपवाद सांगतो.

सुट्या हातांनी वजन टेबलावर दोन ठिकाणी वाटलं जातं, प्रत्येक मॉनिटर हवा तिथे नेता येतो, आणि उद्या एक मॉनिटर बदलला तर एकच हात बदलावा लागतो. जुळ्या स्टँडमध्ये सगळा भार एका क्लॅम्पवर येतो. मात्र मागे एकाच ठिकाणी मजबूत जागा असेल, किंवा दोन्ही मॉनिटर अगदी सारखे असून त्यांना एका रेषेत कायमचं बसवायचं असेल, तर जुळा खांब सुटसुटीत पडतो. आडव्या एका पट्टीवर दोन्ही मॉनिटर बसतात तो प्रकार घेताना पाहा: प्रत्येक मॉनिटरची उंची पाठीमागून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वेगळी करता येते का? ती सोय नसेल, तर दोन वेगळ्या मॉडेलच्या स्क्रीनच्या कडा कधीच जुळत नाहीत. त्या जुळल्या नाहीत की दिवसभर डोळ्याला टोचत राहतात.

१०. किती रुंद टेबल लागेल?

१६:९ आकाराच्या (रुंदी १६ भाग, उंची ९ भाग) स्क्रीनची रुंदी अशी असते: २४ इंची सुमारे ५३ सेंटिमीटर, २७ इंची ६० सेंटिमीटर, ३२ इंची ७१ सेंटिमीटर. चौकटीचे एक-दोन सेंटिमीटर वाढवा. म्हणजे दोन २७ इंची शेजारी-शेजारी सरळ ठेवले तर साधारण १२२ सेंटिमीटर झाले. १२० सेंटिमीटरच्या टेबलावर ते बसतात का? बसतात, कारण हातावर असताना मॉनिटर टेबलाबाहेर बोटभर गेला तरी बिघडत नाही, आणि दोन्ही किंचित आत वळवले की रुंदी आपोआप कमी होते. बाजूला कपाट किंवा भिंत असेल तेव्हाच याची काळजी करा.

११. तीन मॉनिटर लावायचे आहेत. तीन हातांचा स्टँड घेऊ का?

तीन हातांच्या खांबात अडचण येते ती टोकाच्या दोघांची. तीन २७ इंची मॉनिटर घ्या. बाजूचे दोन ३० अंश आत वळवले, तर त्यांचा मध्य मधल्या मॉनिटरच्या मध्यापासून सुमारे ५७ सेंटिमीटर बाजूला आणि १५ सेंटिमीटर पुढे येतो. म्हणजे हाताला ६० सेंटिमीटरच्या आसपास पोचावं लागतं. बऱ्याच हातांची पोच तेवढीच असते, म्हणजे हात पूर्ण ताणला जातो. ताणलेल्या हाताने मॉनिटर पुढे-मागे करता येत नाही आणि तो सगळ्यात जास्त डुलतो. त्यामुळे "तीन मॉनिटर, ३२ इंचांपर्यंत" असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर हाताची पोच सेंटिमीटरमध्ये किती आहे ते आधी शोधा.

मी स्वतः तीनसाठी मधला मॉनिटर त्याच्या मूळ स्टँडवर ठेवला आणि बाजूच्या दोघांना सुटे हात घेतले. दिसायला तेवढं देखणं नाही, पण सगळं जुळतं आणि टेबलाच्या मध्यावर काहीच भार येत नाही.

१२. एकावर एक मॉनिटर लावले तर?

जागा वाचते, मान दुखते. खालचा मॉनिटर मुख्य आणि वरचा फक्त अधूनमधून बघायचा (चार्ट, कॅमेरे, संदेश) असेल, तर ठीक. खालचा जवळजवळ टेबलाला टेकेल इतका खाली घ्या आणि वरचा तुमच्याकडे झुकवा. उलट, दिवसभर दोन्हीकडे सारखंच बघायचं असेल, तर शेजारी-शेजारीच लावा. खांबाची उंची मोजायला विसरू नका: दोन २७ इंची मॉनिटरचे मध्य साधारण ३७ सेंटिमीटर अंतरावर येतात, आणि खालचा टेबलापासून थोडा वर असल्याने वरचा मध्य ६० सेंटिमीटरच्या आसपास जातो. ४०-४५ सेंटिमीटरचा खांब त्याला पुरत नाही.

१३. एक आडवा आणि एक उभा ठेवायचा आहे. वेगळा स्टँड लागतो का?

वेगळा लागत नाही, फक्त हाताच्या टोकाची पाटी (जिला मॉनिटर स्क्रूने लावतात ती) ९० अंश फिरायला हवी. बहुतेकांची फिरते. २७ इंची मॉनिटर उभा केला की चौकटीसह सुमारे ६१ सेंटिमीटर उंच होतो, म्हणजे त्याचा मध्य टेबलापासून निदान ३१ सेंटिमीटर वर हवा, नाहीतर खालचा कोपरा टेबलाला घासतो. फिरवताना तर तिरका कोपरा आणखी खाली येतो, त्यामुळे आधी वर उचला, मग फिरवा.

स्वस्त टीएन पॅनेलचा मॉनिटर उभा करू नका (टीएन आणि आयपीएस हे स्क्रीनच्या पॅनेलचे दोन प्रकार). त्याचे रंग वर-खालून बघताना बदलतात. उभा केला की तोच दोष डावी-उजवीकडे येतो आणि एका डोळ्याला एक रंग, दुसऱ्याला दुसरा दिसल्यासारखं होतं. आयपीएस असेल तर खुशाल उभा करा.

१४. स्क्रीनची उंची आणि अंतर किती ठेवावं?

ताठ बसून समोर पाहिलं की नजर स्क्रीनच्या वरच्या कडेला किंवा तिच्या थोडी खाली लागावी. अंतर हात लांब करून बोटं टेकतील एवढं, म्हणजे ५० ते १०० सेंटिमीटरच्या मध्ये. दोन्ही मॉनिटर सारखे वापरत असाल तर दोघांची मधली फट नाकासमोर आणा. एकच मुख्य असेल तर तो नाकासमोर आणि दुसरा बाजूला.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांनी ही शिफारस जशीच्या तशी पाळू नये. चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायला त्यांना हनुवटी वर करावी लागते. स्क्रीन आणखी चार-पाच सेंटिमीटर खाली घ्या आणि वरची कड मागे झुकवा.

१५. एकट्याने बसवता येईल का?

खांब आणि क्लॅम्प एकट्याने बसतो. मॉनिटर लावताना मात्र दुसरं माणूस बोलवा, विशेषतः जुन्या आणि जाड मॉनिटरसाठी. बहुतेक स्टँडमध्ये पाटी सुटी निघते: ती मॉनिटर पालथा ठेवून, खाली मऊ चादर अंथरून स्क्रूने लावायची आणि मग मॉनिटर उचलून हाताच्या टोकावर सरकवायचा. स्क्रू आधी चारही हलक्या हाताने लावा, मग कसा. नाहीतर चौथा स्क्रू भोकात जातच नाही.

स्प्रिंगच्या हाताचा एक नियम डोक्यात कोरून ठेवा: त्यावर मॉनिटर नसताना तो खाली दाबून सोडायचा नाही. रिकामा हात सापळ्यासारखा उसळतो. मॉनिटर काढायचा असेल, तर आधी हात वर जाईल तेवढा वर न्या आणि मगच काढा. मी एकदा घाईत खालच्या स्थितीतच मॉनिटर काढला. हाताचं टोक हनुवटीला चाटून गेलं आणि शेजारचा टेबलदिवा आडवा झाला. मॉनिटर वाचला, कारण तो माझ्या हातात होता.

१६. मॉनिटर आपोआप खाली येतो, किंवा वर जातो, किंवा मान खाली टाकतो. स्टँड खराब आहे का?

शंभरातले बहुतेक स्टँड खराब नसतात, फक्त जुळवलेले नसतात. तक्रारीप्रमाणे स्क्रू वेगवेगळे आहेत.

आख्खा हात खाली येत असेल, तर स्प्रिंगचा ताण वाढवा. वर जात असेल तर कमी करा. हा स्क्रू वरच्या हाताच्या सांध्यात असतो आणि शेजारी अधिक-उणेची खूण असते. हात आडवा धरून षटकोनी ॲलन कीने फिरवा. दोन-चार फेऱ्यांत काही फरक दिसत नाही म्हणून लोक हात टेकतात. पंधरा-वीस फेऱ्याही लागू शकतात, धीर धरा. मॉनिटर तिथेच राहतो पण त्याचा चेहरा जमिनीकडे वळतो, तर पाटीमागचा झुकावाचा स्क्रू कसा. आणि मॉनिटर एका बाजूला कलंडला असेल, तर पाटी फिरण्याचा स्क्रू ढिला आहे. सगळं कसूनही हात खाली येतच राहिला, तर वजन मर्यादेबाहेर आहे (प्रश्न ४) किंवा नळीतला वायू गेला आहे.

१७. टाइप करताना दोन्ही मॉनिटर थरथरतात.

बहुतेक वेळा टेबलच थरथरतं, हात फक्त ते मोठं करून दाखवतात. टेबल हाताने हलवून पाहा: पाय डुगडुगत असतील, तर आधी तेच कसा. टेबल घट्ट असेल तर हात दुमडून मॉनिटर खांबाजवळ आणा. लांब ताणलेला हात म्हणजे टोकाला वजन बांधलेली काठी. क्लॅम्पचा स्क्रू आठवडाभराने पुन्हा एकदा कसा, कारण टेबलाचं लॅमिनेट आणि खालचा रबर दबून पहिली पकड सैल होते.

१८. केबल किती लांब लागतील?

मॉनिटरसोबत आलेली दीड मीटरची केबल हातावरून नेली की हमखास कमी पडते. हाताच्या दोन्ही सांध्यांवर थोडी ढिली सोडावी लागते, त्यामुळे दोन मीटर धरा. सगळ्या केबल बांधण्याआधी हात त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत, वर-खाली आणि आत-बाहेर, फिरवून पाहा. ताणलेली केबल मॉनिटरच्या पोर्टला रोज थोडी थोडी ओढते, आणि स्टँडपेक्षा पोर्ट महाग पडतं.

१९. मॉनिटरला व्हेसाची भोकं नाहीत, किंवा भोकं खोल खाचेत आहेत.

खाचेत असतील तर सोपं आहे. पाटी खाचेत बसत नसली, तर स्पेसर नावाच्या छोट्या नळ्या मध्ये घाला आणि तेवढेच लांब स्क्रू वापरा. नेमके तेवढेच. खोक्यात लांबीचे दोन-तीन प्रकार असतात. सगळ्यात लांब स्क्रू "जास्त घट्ट" म्हणून पिळला, तर तो मॉनिटरच्या आत पॅनेलपर्यंत पोचू शकतो. हाताने फिरवताना अचानक अडलं की थांबा.

भोकंच नसतील तर कडांना पकडणारे जोड मिळतात. ते वरून आणि खालून आकड्यांनी मॉनिटर धरतात. चालतात, पण पुढून दिसतात आणि पातळ चौकटीच्या मॉनिटरवर स्क्रीनच्या कडेला दाबतात. नवा मॉनिटर घ्यायचा बेत असेल, तर त्यात भोकं आहेत याची खात्री करा आणि हा जोड टाळा. ॲपलचे स्टुडिओ डिस्प्ले आणि आयमॅक याबाबतीत वेगळे आहेत: व्हेसा हवं असेल तर ते मागवतानाच निवडावं लागतं, नंतर स्वतः बदलता येत नाही.

२०. एक रुंद कर्व्ह मॉनिटर आणि एक साधा, असं चालेल का?

चालेल, पण जुळा स्टँड घेऊ नका. ३४ इंची अल्ट्रावाइड जवळपास ८० सेंटिमीटर रुंद असतो आणि ४९ इंची तर १२० सेंटिमीटरच्या आसपास जातो. शिवाय वाकलेल्या मॉनिटरची टोकं पुढे येतात, त्यामुळे त्याचं वजन पाटीपासून पुढे पडतं. म्हणून वजन मर्यादेत असूनही तो मान टाकतो. त्याला मोठ्या मॉनिटरसाठीचा, झुकावाच्या मजबूत सांध्याचा वेगळा हात द्या आणि साध्याला साधा. मोठ्या मॉनिटरवर २०० बाय १०० मिलिमीटरची भोकंही असतात; त्याला जोडपाटी लागते.

२१. एका बाजूला मॉनिटर आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप ठेवायचा आहे.

लॅपटॉपचा ट्रे व्हेसाच्या भोकांवर बसतो, त्यामुळे कुठल्याही हाताला लागतो. ट्रे आणि लॅपटॉप मिळून वजन धरा. लॅपटॉप उचलून नेला की स्प्रिंगचा हात हलका होऊन वर उसळतो (प्रश्न १५ मधलीच गंमत), म्हणून ट्रेसाठी खांबाचा साधा हात उत्तम. ट्रेवरच्या कीबोर्डवर टाइप करायचा बेत असेल तर सोडून द्या, तो झुल्यासारखा हलतो.

२२. उंची बदलणाऱ्या टेबलावर काही वेगळं पाहायचं का?

दोन गोष्टी. टेबल उचलू शकतं त्या वजनात मॉनिटर आणि स्टँडही मोजा. दोन हातांचा पोलादी खांब सहज चार-पाच किलोंचा असतो. आणि केबल: भिंतीच्या प्लगपर्यंत जाणारी एकच वायर ठेवा. पट्टीचा बोर्ड टेबलाच्या खालीच लावा, म्हणजे बाकी सगळं टेबलासोबत वर-खाली जाईल. मागे भिंतीवर फळी असेल तर टेबल एकदा पूर्ण वर नेऊन पाहा. मॉनिटर फळीत घुसल्याचे फोटो मला आले आहेत.

२३. टचस्क्रीन किंवा चित्र काढायचा पेन डिस्प्ले हातावर लावता येईल का?

बोटाने दाबलं की स्प्रिंगचा हात मागे सरकतो, हे त्याचं कामच आहे. टचस्क्रीन कधीतरी टिचकी मारण्यापुरती असेल तर चालेल. चित्र काढायला मात्र खालून टेबलाचा आधार असलेला तिरका स्टँड लागतो. हातावरच लावायचा असेल तर असा निवडा, ज्यात डिस्प्लेचा खालचा काठ टेबलावर टेकवता येईल.

२४. वापरलेला स्टँड घेतला तर?

साधा खांब असेल तर जरूर घ्या, त्यात झिजण्यासारखं फार काही नसतं. स्प्रिंगचा असेल, तर हात आडवा धरून खाली दाबून पाहा. सगळीकडे सारखा विरोध जाणवला पाहिजे. मध्येच सैल लागला किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर नको. क्लॅम्पच्या स्क्रूचे आटे आणि ग्रोमेटचा बोल्ट सोबत आहेत का पाहा. पाटीचे एम४ स्क्रू हरवले असतील तरी हरकत नाही, ते कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात.

२५. स्टँड बसवला, तीन मॉनिटर लावले, पण तिसरा काळाच राहतो.

यात स्टँडचा काही दोष नाही. संगणक किंवा त्याची चिप एकाच वेळी किती स्क्रीन चालवू शकते याला मर्यादा असते. ॲपलच्या एम१ चिपचं मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं, मग हात कितीही घ्या. एका केबलमधून साखळीने दोन मॉनिटर जोडायची डिस्प्लेपोर्टची एमएसटी नावाची सोय विंडोजवर चालते, मॅकओएसवर मात्र तशाने दोन्हींवर एकच चित्र येतं. तिसरा हात मागवण्याआधी तिसरा मॉनिटर टेबलावर नुसता उभा करून, केबल लावून, उजळतो का ते पाहा.